हाड की लाकूड? उधाणानंतर पुळणीवर मिळालेला तुकडा

सड्यावरचा (धागालेखक) | ११ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लावणीसाठी गावी आलोय, पावस आणि पूर्णगडच्या मधे. परवा उधाण उतरल्यावर पुळणीवर चक्कर मारली. थर्माकोल, चपला, फाटकी जाळी या नेहमीच्या पसाऱ्यात हा तुकडा पडलेला. दीड वीत लांब, मनगटापेक्षा बराच जाड. एक टोक गाठीसारखं फुगीर, दुसरं मोडलेलं. रंग काळपट तपकिरी. ओला असताना गुळगुळीत लागत होता आणि उचलला तर वाटलं त्याहून जड.

घरात तीन पक्ष पडलेत. धाकट्या भावाच्या मते डायनासोरची मांडी. बाबांच्या मते लाकडाचा दगड झालाय. आईचं म्हणणं, जे काय असेल ते घराबाहेर ठेवा.

तीन फोटो देतोय. तिसऱ्यात तुकडा परड्यातल्या ओंडक्यावर ठेवलाय, म्हणजे मापाचा अंदाज येईल. हाड की लाकूड, कसं ओळखायचं?

ओहोटी | ११ जुलै, रात्री १०.०२

रुमाल टाकून ठेवते. जाणकार येतीलच.

मालवणी_खाजा | ११ जुलै, रात्री १०.१५

डायनासोराची मांडी म्हणजे कोंबड्याच्या तंगडीवांगडा सोलकढी होयीच. पार्टी कधी?

गारगोटी | ११ जुलै, रात्री ११.३०

सोपी युक्ती: जिभेला लावून बघा. दगड झालेलं हाड जिभेला चिकटतं, लाकूड चिकटत नाही. शोधपथकातली माणसं असंच करतात.

मालवणी_खाजा | ११ जुलै, रात्री ११.३४

अरे मेल्या, पुळणीवरचा उचलून जिभेक लावतंस? कुत्र्यान त्याच्यार पाय वर केलेलो आसात तर?

हाडवैद्य | १२ जुलै, सकाळी ७.५०

आयडीवर जाऊ नका, मी वैद्य नाही. पुरातत्त्वाच्या उत्खननात निघणारी जनावरांची हाडं ओळखणं हे माझं काम, म्हणून थोडं लिहितो.

जिभेची युक्ती खोटी नाही, पण अर्धी आहे. हाडाला बारीक छिद्रं असतात, ती जिभेवरचं पाणी ओढून घेतात म्हणून ते चिकटतं. तसं कोरडी चिकणमातीही चिकटते, कौलाचा तुकडाही चिकटतो. उलट छिद्रांत सिलिका (गारगोटी जिची बनते ते खनिज) भरून गच्च झालेलं हाड अजिबात चिकटत नाही. म्हणजे चिकटलं तरी खात्री नाही, नाही चिकटलं तरी नाही. शिवाय श्री. खाजा यांचा मुद्दा आहेच.

आकाराचं तर नावच काढू नका. फुगीर टोक पाहिलं की सगळ्यांना मांडीचं हाड आठवतं, पण फांदी जिथून फुटते तिथली गाठ हुबेहूब तशीच दिसते. रंगही कामाचा नाही. ज्या मातीत पडलं तिचा रंग दोघेही घेतात.

बघायचं ते मोडलेलं टोक. ते धुऊन, वाळवून, दहापट भिंगाखाली आडवं धरा. लांब हाड असेल तर कडेला घट्ट, दाट थर दिसेल, आत पावाच्या लादीसारखी जाळी आणि मधोमध पोकळी, किंवा त्या पोकळीत भरलेलं दुसरंच खनिज. जाळीची छिद्रं वेडीवाकडी, एकमेकांत उघडणारी. घट्ट थरात भिंगातून बारीक गोल ठिपके दिसले तर फारच छान, त्यांना ऑस्टिऑन म्हणतात. एकेक साधारण पाव मिलिमीटरचा, मधे रक्तवाहिनीचं भोक. लाकडात कधीच न सापडणारी गोष्ट ती.

धागालेखक, पहिल्या दोन फोटोंत मोडलेलं टोक सावलीत गेलंय. परत काढा.

कातळफूल | १२ जुलै, सकाळी ९.१५

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, लाकडाची बाजू मी मांडते.

लाकडात सगळं एका दिशेनं धावतं. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या खोडाच्या लांबीला समांतर असतात, म्हणून आडव्या छेदात भोकं दिसतात आणि बाजूनं पाहिलं तर त्याच भोकांच्या लांब रेघा. हाडाची जाळी कुठूनही बघा, जाळीच. शिवाय लाकडात मधून सालीकडे जाणारे बारीक किरण असतात, सायकलच्या चाकाच्या तारांसारखे.

वार्षिक वलयांवर मात्र विसंबू नका. परदेशी पुस्तकं वाचून सगळे वलयं मोजायला बसतात. आपल्याकडे सागाला ती स्पष्ट असतात, पण उष्ण प्रदेशातल्या कित्येक झाडांना धड वलयं नसतात. वलयं दिसली तर लाकूड, एवढं म्हणता येतं. नाही दिसली म्हणून लाकूड नाही, असं म्हणता येत नाही.

आणि खरी फसगत करतो तो आपला माड! माड, पोफळी, ताड यांच्या खोडात वलयंही नसतात आणि किरणही नसतात. आडव्या छेदात नुसते ठिपके, तेही सालीकडे दाट आणि मधे विरळ. म्हणजे बाहेर घट्ट, आत सैल, अगदी हाडासारखं. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात दगड झालेली ताडकुळातली खोडं भरपूर मिळतात, त्यामुळे हा गोंधळ पुस्तकी नाही. फरक एवढाच की माडाचा ठिपका म्हणजे भरीव दोरा असतो, खोडातून लांबवर जाणारा. हाडाचं भोक हे भोकच. परड्यात पडलेला माडाचा तुकडा कुऱ्हाडीनं फोडून भिंगाखाली धरा, एकदा पाहिलं की डोळा बसतो.

गारगोटी | १२ जुलै, सकाळी १०.४०

@हाडवैद्य, बरं, जीभ मागे घेतो. पण मग शास्त्रज्ञांचं कधीच चुकत नाही का?

हाडवैद्य | १२ जुलै, दुपारी १.२०

चुकतं की. निदान वाद तरी झडतात. तमिळनाडूत कल्लमेडूला १९८०च्या दशकात अवाढव्य हाडं मिळाली. नडगीचं हाड म्हणे २ मीटर. त्या प्राण्याचं नाव बृहत्कायोसॉरस ठेवलं. पण नमुने ठिसूळ, पावसाळ्यात त्यांचा भुगा झाला. मागे राहिली ती थोडी चित्रं आणि त्रोटक वर्णन. मग कित्येक वर्षं जगभर कुजबुज चालू होती की ही हाडं नव्हतीच, दगड झालेले ओंडके होते. २०२२ साली जुने फोटो छापून आले, तेव्हा पारडं पुन्हा हाडाकडे झुकलं.

आणि याच्या नेमकी उलटी गोष्ट जबलपूरची. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन माहीत असेल. तो १८२८ मध्ये बडा सिमला टेकडीच्या परिसरात दगड झालेलं लाकूड शोधत हिंडत होता आणि हाती लागली हाडं. शेपटीचे मणके. पुढे १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लायडेकरनं त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. भारतात सापडलेला तो पहिला डायनासोर. त्यातला मणका मधे हरवला होता, २०१२ मध्ये कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात पुन्हा मिळाला.

ओहोटी | १२ जुलै, दुपारी १.४४

लाकूड शोधायला गेला नि मणका घेऊन आला! मस्त.

चिरेखाण | १२ जुलै, रात्री ८.१०

उशिरा आलो. मी भूजलाच्या कामात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात बऱ्याच विहिरी आणि बोअर पाहिल्यात. तुम्ही सगळे तुकडा बघताय, मी आधी गाव बघतो.

कोकणात डायनासोर का नाही, ते भावाला समजावून सांगा. खाली काळा पाषाण, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्हात हाड टिकत नाही. दोन थरांच्या मधे कुठे तळं साचलं असेल तर त्याच्या गाळात टिकतं. तसं मुंबईत झालं. वरळीच्या टेकडीत अशा गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले, इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. बेडूक! बोटाच्या पेराएवढी हाडं. मांड्या नाहीत.

काळ्या पाषाणावर जांभा. जांभा तयार होतो तोच मुळी पावसाच्या पाण्यानं खडकातलं सगळं धुऊन नेऊन, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे ठेवून. त्या आम्लधर्मी पाण्यात हाडाचा फॉस्फेट कसला टिकतो? म्हणून चिऱ्याच्या खाणीत हाड मिळालं असं कोणी सांगितलं तर मी आधी चहा मागवतो. जांभ्यात आडव्यातिडव्या नळ्या असतात, मुळांचे साचे असतात. लोकांना त्यातच हाडं दिसतात.

तिसरी शक्यता करल. किनाऱ्यावर वाळू आणि शिंपल्या चुन्यानं सांधून झालेला दगड, त्यात कधी नळकांडी आकार तयार होतात. ते ओळखायला लिंबू पुरे. पिळलं की बुडबुडे येतात.

आता प्रश्न: अगदी नेमका कुठे मिळाला? वाळूत मधोमध, की पुळणीच्या वरच्या कडेला? आणि आसपास कुठे खोदकाम झालंय का?

सड्यावरचा | १३ जुलै, सकाळी ११.०५

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. नेट सड्यावर गेल्याशिवाय मिळत नाही म्हणून उशीर.

लिंबू पिळलं, काही झालं नाही. मोडलेल्या टोकाचा नवा फोटो देतोय. भिंग नव्हतं, भावानं जुन्या दुर्बिणीची काच काढून दिली (बाबांना अजून माहीत नाही). मला पोकळी दिसत नाही, जाळीही दिसत नाही. थर दिसतात, पुस्तकाच्या पानांसारखे.

@चिरेखाण, पुळणीच्या वरच्या कडेला, मेराच्या (बांधाच्या) खाली. आणि हो, मे महिन्यात शेजारच्यांनी विहीर मारली, तिचा गाळ तिथेच आणून टाकला होता. उधाणानं तो अर्धा नेलाय.

चिरेखाण | १३ जुलै, दुपारी १२.३०

विहिरीला जांभ्याच्या खाली काय लागलं, विचारा.

सड्यावरचा | १३ जुलै, संध्याकाळी ६.५०

विचारलं. चाळीसेक फुटांवर जांभा संपला आणि निळसर चिकट माती लागली. त्यात "जळकी लाकडं" होती म्हणे. पाण्याला वास येतो म्हणून ते अजून कुरकुरतायत.

चिरेखाण | १३ जुलै, रात्री ९.००

मग माझ्या मते निकाल लागला, पण तुम्ही स्वतः तपासा. तुकडा वजनकाट्यावर ठेवा. मग घंगाळ काठोकाठ भरून परातीत ठेवा, तुकडा पूर्ण बुडवा, सांडलेलं पाणी मापा. वजनाला पाण्यानं भागा. लाकडाचा गारगोटीसारखा दगड झाला असेल तर आकडा अडीचच्या पुढे येईल. दगड झालेलं हाडही साधारण त्याच घरात. खाली आला तर तो दगडच नाही.

सड्यावरचा | १४ जुलै, सकाळी १०.२०

दुकानातल्या काट्यावर २ किलो ३४० ग्रॅम. पाणी सांडलं १ लिटर ८०० मिली. म्हणजे १.३!

आणखी एक. पडवीत दोन दिवस ठेवला तर तो तडकायला लागलाय. चौकोनी चौकोनी भेगा पडल्या, वर पिवळट पांढरी भुकटी आली. सुरीनं खरवडलं तर तपकिरी पूड, आणि कापलेली जागा चकचकीत.

चिरेखाण | १४ जुलै, सकाळी १०.५५

लिग्नाइट. म्हणजे लाकूडच, पण दगड न झालेलं. कोळसा होण्याच्या वाटेवर मधेच थांबलेलं. रत्नागिरीच्या आसपास जांभ्याखाली या मातीत ते लागतं, विहिरी खणणाऱ्यांना ठाऊक असतं. १८७१ मध्ये भूवैज्ञानिक विल्किन्सननं दक्षिण कोकणच्या भूरचनेवर लिहिलं, तेव्हापासून त्याची नोंद आहे. लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं उलटल्यावर इथे दलदली, खाड्या होत्या. त्यांतली झाडं गाळात गाडली गेली, हवा मिळाली नाही म्हणून कुजली नाहीत, दाबली गेली. गाळ साचला की थर, आणि वर जांभ्याचं झाकण.

दगड व्हायला पाण्यात सिलिका भरपूर लागते. ती पेशीपेशीत जाऊन बसते, म्हणून गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला किंवा मध्य प्रदेशात घुघवाला खोडंच्या खोडं दगड झालेली दिसतात. इथे ते घडलं नाही.

पिवळी भुकटी म्हणजे आतल्या पायराइटला (लोखंड-गंधकाच्या खनिजाला) हवा लागल्याचा परिणाम, त्यातून आम्ल तयार होतं. कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. आणि वाळू देऊ नका, नाहीतर महिन्याभरात सुपारीच्या खांडाएवढे तुकडे होतील. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या वासाचं कारणही बहुधा तेच, पाणी तपासून घ्यायला सांगा.

खात्रीसाठी चिमूटभर पूड चिमट्यात धरून जाळा. फॉसिल नसलेलं जुनं हाड असेल तर केस जळल्याचा वास येईल.

सड्यावरचा | १४ जुलै, दुपारी १२.१०

जाळली. धुमसली, डांबरासारखा काळा धूर आला. केसांचा वास नाही. आईनं मला चिमट्यासकट बाहेर काढलं.

कातळफूल | १४ जुलै, दुपारी २.००

छान! फांदीची गाठ होती तर. दुकानातला काटा आणि घंगाळ वापरून सोडवलेला प्रश्न वर्गात सांगायला हवा होता मला.

अवांतर: मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना १८७०च्या दशकात समुद्रपातळीच्या खाली, चिखलात, खैराची झाडं जागच्या जागी उभी सापडली होती. ती दगडही नव्हती आणि कोळसाही नव्हती, लाकूडच. वरचं किड्यांनी पोखरलेलं. म्हणजे गाळातलं लाकूड कुठल्या पायरीवर थांबेल याचा नेम नाही.

गारगोटी | १४ जुलै, दुपारी ३.२०

म्हणजे बाबा निम्मे बरोबर. भाऊ पूर्ण आऊट.

हाडवैद्य | १४ जुलै, रात्री १०.४५

धागा संपला असं वाटत असेल तर थांबा. दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

धागालेखक, तिसऱ्या फोटोत तुकडा ज्यावर ठेवलाय ते काय आहे? तुम्ही ओंडका म्हणता. मी फोटो मोठा करून पाहिला. वरच्या पृष्ठभागावर मधून कडेकडे जाणाऱ्या उंचवट्यांच्या रेघा आहेत. कातळफूल ताईंचे किरण म्हणावेत तर फार जाड आणि उठावदार. कडेला बाहेर आलेलं एक तुटकं बोंड दिसतं, समोरच्या बाजूला तसंच दुसरं असावं असा संशय आहे. आणि जिथे पोपडा उडालाय तिथे मला लाकडाच्या रेघा दिसत नाहीत, पाव दिसतो.

कृपया बाजूचा फोटो टाका. वलयं आहेत का बघा. उभ्या रेघा आहेत का बघा.

ओहोटी | १४ जुलै, रात्री १०.५२

हाडवैद्य, अंगावर काटा आला.

सड्यावरचा | १५ जुलै, सकाळी ८.३०

फोटो टाकतोय. बोंडं दोन आहेत, समोरासमोर. वलयं नाहीत. बाजूनं सगळीकडे बारीक भोकं, उभ्या रेघा नाहीत. पण हा तर आमचा ओंडका! बाबा रोज सकाळी त्यावर बसून दात घासतात. आम्ही लहानपणी त्यावर उभे राहून जांभळं काढायचो.

हाडवैद्य | १५ जुलै, सकाळी ९.१०

देवमाशाचा मणका आहे. बोंडं म्हणजे आडव्या बाहूंचे तुटके बुंधे. वरच्या रेघा कशाच्या, ते सांगतो. मणक्याच्या दोन्ही तोंडांवर एकेक चकती असते. प्राणी पूर्ण वाढला की ती मणक्याला कायमची जुळते. तरुण असेल तर मेल्यावर सुटून जाते आणि खालचा खोबणी-उंचवट्यांचा पृष्ठभाग उघडा पडतो. तोच ओंडक्याच्या कापासारखा दिसतो. तेव्हा तुमचा देवमासा पूर्ण वाढलेला नव्हता.

पोकळी शोधू नका. देवमाशाचं हाड आतून जवळजवळ सगळं जाळीचंच असतं, त्यात तेल भरलेलं. फॉसिलही नाही, शंभर-दीडशे वर्षांच्या आतलं असणार. रत्नागिरीला झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, एकदा जाऊन शेजारी शेजारी पडताळा.

घरातल्या जुन्या माणसांना विचारा, उन्हात तेल सुटायचं का.

सड्यावरचा | १५ जुलै, संध्याकाळी ७.१५

आजीला विचारलं. तिला आता नीट दिसत नाही, त्यामुळे या सगळ्या गोंधळात तिला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा होताच तो तिथे. पहिली काही वर्षं वैशाखात तेलकट व्हायचा, मुंगळे लागायचे. सासूबाई म्हणायच्या, माशाचा आहे, त्याच्यावर पापड वाळत घालू नकोस."

मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस, म्हटलं. तर म्हणे, "तुम्ही सगळे ओंडका म्हणायचात. मला वाटलं, गंमतीनं म्हणता."

चिरेखाण | १५ जुलै, रात्री ८.००

_/\_ आजींना.

आता एक गंभीर गोष्ट. देवमासे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. हाड असो की ती कुप्रसिद्ध उलटी (अंबरग्रीस), बाळगणं आणि विकणं गुन्हा होऊ शकतो. तुमचा जुना आहे, घरचा आहे, तरीही आपणहून वनखात्याला कळवा. आणि त्याआधी फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका, दलाल दारात येतील.

गारगोटी | १५ जुलै, रात्री ८.२५

+१. गणपतीपुळ्याला २०२३च्या नोव्हेंबरात निळ्या देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, तेव्हा वनखात्याची माणसं आणि गावकरी रात्रंदिवस खपत होते. एवढं घाबरण्यासारखं काही नाही.

सड्यावरचा | २ ऑगस्ट, सकाळी ९.००

धागा वर काढतोय. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून मणका घेऊन गेली. चांगली वागली. आजीचा जबाबही लिहून घेतला, तिला फार आवडलं ते.

परड्यात त्या जागी गवत न उगवलेला गोल राहिलाय. बाबा अजून ब्रश घेऊन सवयीनं तिथे जातात आणि उभे राहतात.

मालवणी_खाजा | २ ऑगस्ट, सकाळी ९.२०

आणि लिग्नाइटाचा काय केलंस?

सड्यावरचा | २ ऑगस्ट, सकाळी ९.३१

बादलीत, पाण्यात बुडवून. आई रोज विचारते, बादली कधी मोकळी होणार.